वर जाणारी रेघ

औसा रोडला पत्र्याच्या गाळ्यात
आम्ही कंपनी काढली, तेव्हा
नळाला एकविसाव्या दिवशी पाणी यायचं.
मी आणि वैजनाथ,
दोन लॅपटॉप, एक कूलर, तोही कोरडा,
आणि भिंतीवर खडूने लिहिलेलं नाव : घागर.

कल्पना सोपी होती.
टँकर कुठे आहे ते मोबाईलवर दिसेल,
बायांनी रात्रभर दारात बसायचं नाही.
एवढंच.
एवढंच सांगायला आम्हाला बावीस स्लाइड लागल्या.

पहिल्या आठवड्यात अठ्ठेचाळीस जणांनी अ‍ॅप घेतलं.
त्यात एकेचाळीस आमचे नातेवाईक.
वैजूची मावशी तर उदगीरला राहायची,
तिनेही पाच तारे दिले.

दस्तगीर, आमचा पहिला ड्रायव्हर,
जीपीएस बंद करून ठेवायचा.
मी चिडलो : सगळा डेटा बुडतो, कळतं का तुला?
तो म्हणाला, "भैय्या, टँकर कुठं हाय ते
साऱ्यांना दिसलं, तर मधल्या गल्लीतले
गाडी पुढं जाऊ देतेत का?
गेल्या साली काच फोडली माझी."
भुवईवरचा व्रण त्याने दाखवला नाही.
तो होताच तिथे, रोज.
मीच पाहिला नव्हता.

नकाशावरचा तो हिरवा ठिपका
सहा महिने खपून आम्ही
गुळगुळीत सरकायला शिकवला होता.
त्या रात्री काढून टाकला.
वैजू दोन दिवस बोलला नाही.

मग खाडगाव रोडच्या अनुसयाबाई ढोबळे म्हणाल्या,
"बटन नको बापा. मी मिस्कॉल देते,
तू समजून घे."
आम्ही समजून घेऊ लागलो.
तेव्हा कुठे धंदा चालला.
लोकांनी नंबर कोळशाने लिहून ठेवला,
हौदावर, मीटरच्या पेटीवर,
एका घरी देव्हाऱ्याच्या शेजारी.

पुण्याहून गुंतवणूकदार आले.
पाण्याच्या बाटल्या अर्ध्या ठेवून गेले.
मी पडद्यावर दाखवलं, ही निळी रेघ म्हणजे मागणी,
वर, वर, अजून वर.
एकाने विचारलं, धोका काय?
मी म्हणालो, पाऊस.
सगळे हसले. मीही.
ते हसू दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखं
रात्रभर जिभेला लागत राहिलं.

कारण त्या जूनमध्ये
मी रोज हवामानाचा अंदाज उघडायचो,
आणि 'सरासरीपेक्षा कमी' वाचलं की
पोटात काहीतरी सैल व्हायचं.
हे कुणाला सांगितलं नाही.
आईला तर नाहीच,
ती पलीकडे राखेने भांडी घासून
एक तांब्या वाचवत होती.

सप्टेंबरात मांजरा भरलं.
धनेगावला दरवाजे उघडले,
अख्खं लातूर डबे बांधून बघायला गेलं.
आम्हीही गेलो, दस्तगीरच्या रिकाम्या टँकरवर बसून.
वैजू म्हणाला, "सेकंदाला आपले
किती टँकर चाललेत बघ."
मी मोजत नव्हतो.
मला आनंद झाला होता
आणि सहा जणांचे पगार द्यायचे होते,
दोन्ही एकाच छातीत,
एकमेकांना जागा न देता.

लोकांच्या गरजेवर धंदा उभा करा, सगळे सांगतात.
ती गरज संपावी असं ज्याला मनापासून वाटतं
त्यानेच तो करावा,
हे मला गाळा रिकामा करताना कळलं.
किंवा कळलं असं वाटलं.

वैजू आता हैदराबादला असतो.
कागदावर निम्मी-निम्मी भागी होती,
कर्ज माझ्या एकट्याच्या सहीवर. हाही एक धडा.
दस्तगीर त्याच टँकरमधून कारखान्याची मळी वाहतो,
म्हणतो, काच शाबूत आहे.

नंबर मात्र मी सोडला नाही.
परवा दुपारी मिस्कॉल आला. उलट लावला.
अनुसयाबाई.
"पाणी नको रे. भिंत रंगवायलेत.
तुझा नंबर ठेवू का पुसू?"

मी म्हणालो, पुसा.
मग म्हणालो, राहू द्या.
"एक काय ते सांग," त्या म्हणाल्या,
"रंगारी खोळंबलाय."